न पाहिलेल्या दुःखाचे साक्षी : इंग्लंडांतील गुलामगिरीविरोधी नगरसमित्या (सन १७८७–१८३८)

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें चाळणाऱ्या वाचकांस 'महजर' हा कागद परिचित आहे. वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गोत बसे, पांढरीची साक्ष होई, आणि निवाड्याच्या कागदावर देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांच्या निशाण्या पडत. ज्यास लिहितां येत नसे तो आपल्या धंद्याची खूण करी. कुणब्याची निशाणी नांगर ही होय. या कागदाचें सर्व बळ एका गोष्टींत असे. साक्ष देणारा मनुष्य त्याच मातीचा असे. शीव त्यानें डोळ्यांनीं पाहिलेली व वहिवाट त्यानें वडिलांच्या तोंडून ऐकलेली असे. वैयाकरणांनीं 'साक्षी' या शब्दाची व्युत्पत्ति 'साक्षात् पाहणारा' अशीच केली आहे, आणि मनूनेंहि दर्शन व श्रवण यांवरच साक्षीचें प्रामाण्य उभारलें आहे.

प्रस्तुत लेखांत आम्ही एका निराळ्या जातीच्या कागदाचा विचार करणार आहों. त्यावरहि हजारों सह्या आहेत. सह्या करणारे लोकहि कारागीर, दुकानदार, शिक्षक असे सामान्यच आहेत. परंतु ज्या अन्यायाबद्दल ते साक्ष देतात तो त्यांच्यापासून हजारों मैलांवर घडत होता, आणि त्यांतील बहुतेकांनीं तो कधींहि पाहिला नाहीं. अशा साक्षीचें मोल काय ? ती केवळ भावनेचा उमाळा समजावी, कीं इतिहासकारानें तिला प्रमाणांत स्थान द्यावें ? इंग्लंडांतील नगरोनगरीं गुलामगिरीविरुद्ध ज्या समित्या सन १७८७ नंतर निघाल्या त्यांच्या वृत्तांतावरून या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम अन्यायाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपीय व अमेरिकी व्यापाऱ्यांनीं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटि माणसें जहाजांत भरून अमेरिकेकडे नेलीं. त्यांपैकीं अठरा लाखांच्या आसपास वाटेंतच मेलीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत या व्यापारांत इंग्रज अग्रेसर होते. लिव्हरपूल व ब्रिस्टल येथून जहाजें कापड, धातूचीं भांडीं, बंदुका घेऊन आफ्रिकेस जात, तेथून माणसें घेऊन वेस्ट इंडीज बेटांस जात, आणि बेटांवरील साखर घेऊन परत येत. मँचेस्टरच्या किंवा लेस्टरच्या रहिवाशास या चक्राचा एकच अंश दिसे. तो म्हणजे चहांत घालावयाची साखर.

सन १७८१ मध्यें 'झाँग' नांवाच्या जहाजावरील अधिकाऱ्यांनीं पाण्याच्या तुटीची सबब सांगून सुमारे १३० जिवंत गुलाम समुद्रांत फेंकून दिले. जहाजाच्या मालकांनीं या 'मालाच्या' नुकसानीबद्दल विमा मागितला, आणि सन १७८३ मध्यें लंडनच्या न्यायालयापुढें हा खटला विम्याचा खटला म्हणून चालला. खुनाचा म्हणून नव्हे. गुलामगिरींतून स्वतःस सोडवून घेतलेला ओलाउदा इक्वियानो यानें ही वार्ता ग्रॅनव्हिल शार्प या गृहस्थाच्या कानीं घातली. पुढें सन १७८५ मध्यें केंब्रिज विद्यापीठानें लॅटिन निबंधाचा विषय ठेविला : माणसांस त्यांच्या इच्छेविरुद्ध दास करणें न्याय्य आहे काय ? थॉमस क्लार्कसन या विद्यार्थ्यानें बक्षिसाच्या इच्छेनें निबंध लिहिला आणि बक्षीस मिळविलेंहि. परंतु लिहिण्यासाठीं जें वाचलें तें त्यास स्वस्थ बसूं देईना. शास्त्राभ्यासाचा असा उपयोग क्वचितच झाला असेल. ता. २२ मे १७८७ रोजीं लंडनमध्यें जेम्स फिलिप्स या मुद्रकाच्या छापखान्यांत बारा जण जमले व त्यांनीं समिति स्थापन केली. त्यांतील नऊ जण क्वेकर पंथाचे होते. पार्लमेंटांत हा प्रश्न विल्यम विल्बरफोर्स यानें चालविला, आणि शालेय पुस्तकांत त्याचेंच नांव राहिलें. परंतु विल्बरफोर्सच्या भाषणामागें जें वजन होतें तें लंडनबाहेरच्या नगरांनीं पुरविलेलें होतें.

या नगरसमित्यांचें पहिलें काम पुरावा जमविणें हें होतें. क्लार्कसननें पुढील सात वर्षांत घोड्यावरून व गाडींतून सुमारे ३५,००० मैल प्रवास केला. ब्रिस्टल व लिव्हरपूलच्या बंदरांतील खलाशांचे हजेरीपट त्यानें तपासले व सुमारे वीस हजार खलाशांची नोंद जुळवून दाखविली. हा व्यापार इंग्रज खलाशांची शाळा आहे असें त्याचे कैवारी म्हणत; हजेरीपटांवरून तो त्यांचें स्मशान आहे असें ठरलें. ज्या नगरांत तो उतरे तेथें कोणी वैद्य, कोणी धर्मोपदेशक, कोणी दुकानदार त्यास आसरा देई, साक्षीदार शोधून देई, आणि तो गेल्यावर काम पुढें चालवी. लिव्हरपूलसारख्या नगरांत, जेथें निम्म्या गांवाची भाकर या व्यापारावर, तेथें असें काम करणें सोपें नव्हतें.

प्लिमथच्या समितीचें उदाहरण विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. सन १७८८ च्या अखेरीस या समितीनें गुलाम वाहणाऱ्या जहाजाचा एक आडवा नकाशा छापून प्रसिद्ध केला. 'ब्रुक्स' नांवाच्या जहाजाच्या मापांवरून, माणसें शेजारीं शेजारीं कशीं निजवीत तें त्यांत दाखविलें होतें. लंडनच्या समितीनें तो सुधारून सन १७८९ मध्यें पुन्हां छापला. त्यांत ४८२ आकृति आहेत. सन १७८८ च्या कायद्यानें त्या जहाजास ४५४ माणसें नेण्याची परवानगी होती, व त्यापूर्वीं त्यानें ६०९ पर्यंत नेलीं होतीं. म्हणजे नकाशांतील दाटी कल्पिलेली नसून पूर्वीच्या वस्तुस्थितीपेक्षां कमीच होती. या चित्रांत अश्रु नाहींत, रक्त नाहीं. केवळ मापें आहेत. जे जहाजांत कधीं उतरले नाहींत त्यांस त्यानें जहाजाचा तळ दाखविला. 'साक्षात् दर्शन' ही जी साक्षीची अट, ती या आडनगरच्या समितीनें कागदावर पुरी करून दिली, असें आम्ही समजतों.

दुसरें काम अर्जांचें. सन १७८७ च्या अखेरीस मँचेस्टर नगरानें पार्लमेंटास जो अर्ज केला त्यावर दहा हजारांहून अधिक सह्या होत्या. त्या वेळीं नगराची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें महत्त्व कळतें. मँचेस्टरकरांनीं एवढ्यावर न थांबतां इतर नगरांच्या मुख्यांस पत्रें पाठविलीं व वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन त्यांनींहि अर्ज करावे अशी विनंति केली. त्या मोसमांत शंभरांवर अर्ज गेले. सन १७९२ मध्यें ५१९ अर्ज गेले आणि त्यांवर सुमारे ३,९०,००० सह्या होत्या. यांतील बहुतेकांस पार्लमेंटाच्या निवडणुकींत मत देण्याचा अधिकारहि नव्हता.

येथें शेफील्डच्या कारागिरांचें स्मरण केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. शेफील्ड हें चाकू-सुऱ्या व लोखंडी हत्यारें करणारें नगर. त्यांचा माल आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खपत असे; म्हणजे गुलामांचा व्यापार बंद होणें हें त्यांच्या पोटावर येणारें होतें. तथापि सन १७८९ मध्यें तेथील ७६९ कारागिरांनीं त्या व्यापाराविरुद्ध अर्ज केला. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं, ज्याचा वादांत अर्थसंबंध आहे त्याची साक्ष वर्ज्य सांगितली आहे. कारण लोभामुळें तो खोटें बोलेल ही भीति. त्याच न्यायानें, जो आपल्या लाभाविरुद्ध साक्ष देतो त्याचें बोलणें अधिक ग्राह्य धरलें पाहिजे. शेफील्डच्या ७६९ निशाण्यांस आम्ही या दृष्टीनें श्रेष्ठ प्रतीचा पुरावा मानतों.

तिसरें काम घरांतलें. पार्लमेंटानें सन १७९१ मध्यें विल्बरफोर्सचा ठराव १६३ विरुद्ध ८८ मतांनीं फेटाळला. त्याच वर्षीं विल्यम फॉक्स यानें, वेस्ट इंडीजची साखर खाणारा त्या पापाचा भागीदार आहे, अशा अर्थाची एक पत्रिका लिहिली. तिच्या सत्तर हजारांच्या आसपास प्रती थोड्याच महिन्यांत खपल्या, आणि क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणें तीन लाख लोकांनीं ती साखर सोडली. स्वदेशीच्या चळवळींत सन १९०५ नंतर विलायती साखरेवर बहिष्कार पडला हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्या बहिष्कारांत आपल्या देशाचें हित होतें. येथें साखर सोडणाऱ्यास स्वतःस कांहींच मिळावयाचें नव्हतें. कांहीं दुकानदार गुलामांच्या श्रमाची नव्हे अशी पूर्वेकडील, म्हणजे हिंदुस्थानची, साखर विकूं लागले व साखरेच्या भांड्यांवर तसें लिहिलेलें असे.

यानंतर पडता काळ आला. सन १७९२ मध्यें कॉमन्स सभेनें व्यापार क्रमाक्रमानें बंद करण्याचें मान्य केलें, पण लॉर्डांच्या सभेनें तें लांबणीवर टाकलें. सन १७९३ मध्यें फ्रान्सशीं युद्ध जुंपलें. सन १७९५ मध्यें सभाबंदीचे कायदे झाले. अर्ज करणारा मनुष्य राजद्रोही ठरण्याची धास्ती पडली. समित्या बंद पडल्या, क्लार्कसनची प्रकृति ढांसळली. इतक्या वर्षांचा खटाटोप व्यर्थ गेला असेंच कोणीहि म्हटलें असतें. तथापि सन १८०७ च्या फेब्रुवारींत कॉमन्स सभेनें २८३ विरुद्ध १६ मतांनीं तोच कायदा संमत केला, व मार्चच्या २५ तारखेस त्यास राजमान्यता मिळाली. सोळा वर्षांपूर्वीं हरलेल्या पक्षास एवढें मताधिक्य मिळावें, याचें एक कारण त्या वेळच्या मुत्सद्द्यांच्या डावपेचांत आहे, हें खरें. परंतु सामान्य लोकांची समजूत पूर्वीच पालटली नसती तर ते डावपेच चालले नसते.

सन १८०७ च्या कायद्यानें व्यापार थांबला. गुलामगिरी तशीच राहिली. ती हळूहळू नाहींशी करावी अशा मताची मंडळी सन १८२३ मध्यें लंडनांत निघाली. 'हळूहळू' या शब्दास पहिला खणखणीत विरोध लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक या बाईनें केला. सन १८२४ मध्यें तिनें पुस्तिका लिहून, मुक्ति द्यावयाची तर आजच द्यावी, असें प्रतिपादन केलें. आणि वेस्ट इंडीजची साखर ठेवूं नये म्हणून लेस्टरच्या वाण्यांच्या दुकानीं ती स्वतः फिरली. सन १८२५ मध्यें बर्मिंगहॅम येथें ल्यूसी टाउनसेंड व मेरी लॉइड यांनीं स्त्रियांचें मंडळ काढलें. या बायका शिवलेल्या पिशव्यांत पत्रिका घालून वांटीत, घरोघर जाऊन वर्गणी जमवीत. अशीं सत्तरांवर स्त्रीमंडळें पुढील कांहीं वर्षांत निघालीं. विल्बरफोर्ससारख्या पुढाऱ्यास बायकांनीं असें घरोघर हिंडणें रुचत नव्हतें. परंतु वर्गणीचा मोठा वांटा त्यांचाच असल्यामुळें, 'हळूहळू' हा शब्द गाळल्यावांचून पैसे देणार नाहीं असें बर्मिंगहॅमच्या मंडळानें सन १८३० मध्यें कळवितांच लंडनकरांनीं तो शब्द गाळला. सन १८३३ मध्यें पार्लमेंटाकडे पांच हजारांवर अर्ज गेले. सह्या तेरा लाखांच्या घरांत होत्या. त्यांत एकट्या स्त्रियांच्या एका अर्जावर १,८७,००० नांवें होतीं, व तो अर्ज सभागृहांत उचलून नेण्यास चौघे सभासद लागले.

सन १८३३ च्या कायद्यानें सुमारे आठ लाख गुलाम मुक्त झाले. पण या मुक्तीची किंमत मालकांस देण्यांत आली. दोन कोटि पौंड इंग्लंडच्या तिजोरींतून मळेवाल्यांस मिळाले. दासांस छदामहि मिळाला नाहीं. नारदस्मृतींत दासमोचनाचा विधि सांगितला आहे. स्वामीनें दासाच्या खांद्यावरील पाण्याची घागर घेऊन फोडावी, अक्षता व फुलें घातलेलें पाणी त्याच्या मस्तकावर शिंपडावें, आणि तो अदास झाल्याचें तीन वेळां उच्चारावें. तेथें घागर स्वामीच फोडी. येथें घागरीची किंमत प्रजेच्या करांतून भरली गेली, आणि त्यासाठीं काढलेल्या कर्जाची अखेरची फेड सन २०१५ मध्यें झाली. शिवाय मुक्त झालेल्यांनीं आणखी कांहीं वर्षें उमेदवार म्हणून त्याच मळ्यांवर विनामूल्य राबावें, अशी अट होती. बर्मिंगहॅमचा जोसेफ स्टर्ज हा धान्याचा व्यापारी सन १८३६ मध्यें स्वतः वेस्ट इंडीजला गेला, पाहून आला, आणि त्यानें पाहिलेलें छापलें. नगरसमित्या पुन्हां जाग्या झाल्या, व ता. १ ऑगस्ट १८३८ रोजीं ती उमेदवारीहि संपली.

येथें दोन शंका संभवतात. पहिली अशी कीं, वेस्ट इंडीजचे मळे तोट्यांत येऊं लागल्यामुळें गुलामगिरी गेली; दयाधर्म हें निमित्त होय. एरिक विल्यम्स यानें सन १९४४ च्या आपल्या ग्रंथांत हा पक्ष समर्थपणें मांडला. त्यावर सेमूर ड्रेशर यानें सन १९७७ मध्यें आंकडे देऊन दाखविलें कीं, बंदी आली तेव्हां हा व्यापार उतरणीस लागलेला नव्हता. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. परंतु नफ्याचा धंदा सोडण्याची मागणी शेफील्डसारख्या नगरांनीं केली, ही गोष्ट पहिल्या पक्षानेंहि खोडून काढलेली नाहीं. दुसरी शंका अधिक वजनदार आहे. मुक्ति मिळविली ती दासांनीं स्वतः. सन १७९१ मध्यें सेंट डोमिंगो बेटांतील व सन १८३१ च्या अखेरीस जमेकांतील उठाव हेंच तिचें कारण होय, असें म्हणतां येईल. आमच्या मतें यांत बरेंच तथ्य आहे. जमेकांतील उठाव निर्दयपणें मोडला गेला. सॅम्युएल शार्प या त्याच्या पुढाऱ्यास फांशीं दिलें. आणि त्या वृत्तानें इंग्लंडांत जी खळबळ उडाली तीच सन १८३३ च्या अर्जांत उतरली. अर्थात् नगरसमित्या या मुख्य वादी नव्हत. वादी दास होते. समित्यांचें काम साक्षीचें. परंतु ज्या न्यायसभेंत वादीस उभें राहूं देत नाहींत, तेथें साक्षीदारावांचून दावाच उभा राहत नाहीं.

त्यांच्या दृष्टीच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. त्यांनीं प्रसृत केलेल्या मुद्रेवर दास गुडघे टेकून हात जोडलेला दाखविला आहे. इक्वियानो सन १७८९ मध्यें आपलें चरित्र छापून नगरोनगरीं उभा राहून बोलला, तशी उभी आकृति तिच्यावर नाहीं. स्टर्जच्या पुढाकारानें सन १८४० मध्यें लंडनला जागतिक परिषद भरली, तींत अमेरिकेहून आलेल्या स्त्रीप्रतिनिधींस सभासद म्हणून बसूं दिलें नाहीं. आणि सन १८३३ च्या कायद्यांतून कंपनी सरकारचा मुलूख वगळला होता. आपल्याकडेहि दासी होत्या. पेशवे दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीचे कागद आहेत, हें संशोधकांस सांगावयास नको. येथील गुलामगिरीस कायद्याचा आधार राहिला नाहीं तो सन १८४३ च्या पांचव्या कायद्यानें. दरम्यान मॉरिशसच्या मळ्यांवर गुलामांच्या जागीं करारबंद हिंदी मजूर सन १८३४ पासून जाऊं लागले होते. त्यांत कोंकणांतून गेलेले मराठी लोकहि होते. त्यांचे वंशज तेथें आजहि मराठी म्हणवितात.

तथापि ही रीत येथवर पोंचली. जोतीराव फुले यांनीं सन १८७३ मध्यें आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला. दूरच्या लोकांनीं दूरच्यांसाठीं केलेल्या कार्याची पुण्याहून पोंचलेली ही पावतीच होय. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मार्च १९१२ मध्यें कायदेमंडळांत करारबंद मजुरी बंद करण्याचा ठराव मांडला. तो सरकारी मतांनीं पडला. सन १९१३ मध्यें नाताळांतील हिंदी मजुरांच्या लढ्यासाठीं त्यांनीं हांक दिली तेव्हां हिंदुस्थानांतील अनेक गांवच्या लोकांनीं, ज्यांनीं नाताळ नकाशांतहि क्वचितच पाहिलें असेल, वर्गणी जमविली. सन १९१७ मध्यें करारबंद मजुरांची भरती थांबली. सन १९६१ मध्यें लंडनच्या पीटर बेनेन्सन या वकिलानें राजकीय मतांसाठीं कैदेंत पडलेल्यांची बाजू घेऊन 'ॲम्नेस्टी' ही संस्था काढली, तीहि याच पायावर. गांवोगांवच्या लहान गटांनीं तीन तीन कैदी वांटून घ्यावे, ते एकाच राजकीय गोटांतील नसावे, आणि आपल्याच देशांतील कैदी कोणी घेऊं नये, असा तिचा प्रारंभींचा शिरस्ता होता. साक्षीदार निःसंग असावा, ही जुनीच अट येथें नव्या रूपानें आली.

आतां कागदांविषयीं. ता. १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं पार्लमेंटाच्या इमारतीस आग लागली, तींत कॉमन्स सभेचें जुनें दप्तर बहुतेक भस्म झालें. सन १७९२ च्या अर्जांवरील तीं लाखों नांवें तींत गेलीं. मँचेस्टरचा सन १८०६ चा एक अर्ज लॉर्डांच्या सभेकडे गेला होता म्हणून वांचला. उलट, भरपाई मागणाऱ्या मालकांच्या सुमारे ४६,००० मागण्या हिशेबाच्या कागदांत सुरक्षित आहेत. कोणास किती पौंड मिळाले तें आज कोणासहि पाहतां येतें. दासांचीं नांवेंहि उरलीं आहेत, पण मालमत्तेच्या नोंदींत. ज्यांनीं घेतलें त्यांची यादी राहिली. ज्यांनीं कांहीं न घेतां सही केली त्यांची जळाली. इतिहासांत कोणाचें नांव उरतें हें बहुधा असेंच, तिजोरीच्या कुलुपावरून ठरत असतें.

म्हणून आमची संशोधकांस विनंति आहे. आपल्या तालुक्यांच्या गांवीं जुन्या वाचनालयांत, सभांच्या वह्यांत, वाण्यांच्या माळ्यावर अशा वर्गणीच्या याद्या अद्याप असतील. नाताळच्या निधीस कोणी चार आणे दिले, कोणत्या शिक्षकानें रविवारीं दारोदार फिरून ते जमविले, हें त्यांत असेल. सनदा व महजर आपण प्राणापलीकडे जपतों, तें योग्यच आहे. परंतु ज्या कागदावर सही करणाऱ्याचें वतन नाहीं, शीव नाहीं, लाभ नाहीं, तो कागदहि दप्तरांत लावण्यायोग्य आहे. ज्यानें दुःख पाहिलें नाहीं, पण पुरावा पाहिला, त्यावर विचार केला, आणि आपल्या घरच्या साखरेवर त्याची किंमत सोसली, त्यास साक्षी म्हणण्यास आम्हांस तरी शब्दशास्त्राची आडकाठी दिसत नाहीं.